पाठीशी समुद्र

"छत्तीस? आणि समोरच्यांचे किती?"

"एकही नाही, आबा."

मी त्यांना 1885 सालच्या एका फुटबॉल सामन्याबद्दल सांगत होते. स्कॉटलंडमधल्या आरब्रोथ गावच्या संघानं तो 36-0 असा जिंकला होता. फोनवर थोडा वेळ शांतता. मग आबांनी विचारलं, "आणि त्या गोलकीपरचं काय झालं गं पुढं?"

आबा, म्हणजे माझे वडील, स्वतः गोलकीपर होते. पेठेतल्या तालमीच्या संघाकडून अकरा वर्षं ते कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर खेळले. उजव्या हाताची करंगळी अजून बाहेरच्या बाजूला वाकलेली आहे. एक जोरदार फटका अडवताना मोडली आणि सामना संपेपर्यंत त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. एकदा त्यांनी सात गोल खाल्ले. त्या संध्याकाळी ते नेहमीच्या रस्त्यानं न येता मागच्या बोळातून घरी आले, हे आई अजूनही सांगते. त्यामुळे 36-0 असा आकडा ऐकल्यावर बाकीच्यांना जिंकणारा संघ दिसतो, आबांना मात्र गोलपाशी उभा असलेला माणूस दिसला.

स्कॉटलंडमध्येच, डंडी शहरात नोकरीला येऊन मला तीन वर्षं झाली होती. आरब्रोथ इथून गाडीनं जेमतेम वीस मिनिटांवर. तरी मी कधी गेले नव्हते, कारण तो स्कॉटिश फुटबॉलच्या तिसऱ्या-दुसऱ्या स्तरावरच्या एका लहान क्लबचा गाव एवढंच डोक्यात होतं. आबांच्या प्रश्नानंतर मात्र चैन पडेना. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, घरचा सामना असल्याची खात्री करून, मी निघाले. डब्यात मरून रंगाचे मफलर गुंडाळलेली चार-पाच माणसं होती. उजव्या हाताला टे नदीचं मुख रुंद होत गेलं, कार्नूस्टीची गोल्फची मैदानं मागे पडली आणि मग खिडकीत नुसता उत्तर समुद्र उरला, शिशाच्या रंगाचा.

सामना तीनला होता. मी साडेअकरालाच पोचले. स्टेशनवरून वर गेलं की अ‍ॅबी, खाली गेलं की बंदर आणि मैदान. आधी वर गेले. 1178 मध्ये विल्यम द लायन या राजानं बांधायला घेतलेला हा मठ आता अर्धा पडलेला आहे. तांबड्या वाळूच्या दगडाच्या भिंती आणि उंचावर एक मोठी गोल खिडकी. जुन्या काळी त्या खिडकीत दिवा लावून खलाशांना वाट दाखवत, असं गावात सांगतात. 1320 साली स्कॉटलंडच्या सरदारांनी पोपला लिहिलेलं, आम्ही इंग्लंडच्या ताब्यात राहणार नाही असं ठणकावणारं पत्र याच मठाच्या नावानं ओळखलं जातं. आणि 1950 च्या नाताळात चार विद्यार्थ्यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतून स्कॉटलंडच्या राजांच्या राज्याभिषेकाचा दगड उचलून नेला, तो पुढच्या एप्रिलमध्ये आणून ठेवला तोही इथेच. मी तिथे पंधरा-वीस मिनिटंच होते. वारा उभं राहू देत नव्हता, आणि खालून लाकडाच्या धुराचा वास येत होता.

बंदरालगतच्या गल्ल्यांमध्ये घरांच्या मागे धुराच्या खोल्या आहेत. हॅडॉक नावाचा मासा साफ करून मिठात ठेवायचा, दोन-दोन मासे शेपटीला सुतळीनं बांधून जोडी करायची आणि ती काठीवर लटकवायची. खाली पिंपात कठीण लाकडाचा विस्तव. वरून ओली गोणपाटं टाकायची, म्हणजे ज्वाळा दबते आणि धूर व वाफ आत कोंडतात. तासाभराच्या आत मासा शिजतोही आणि धुरावतोही. याला आरब्रोथ स्मोकी म्हणतात. 2004 पासून या नावाला युरोपचं भौगोलिक संरक्षण आहे. गावापासून आठ किलोमीटरच्या आत केलेल्यालाच ते नाव लावता येतं. मूळ पद्धत जवळच्या ऑकमिदी या कोळ्यांच्या वाडीतली. तिथून कुटुंबं इथे बंदरावर राहायला आली आणि पिंपंही बरोबर घेऊन आली.

दुकानातल्या बाईंनी गरम जोडी कागदात दिली. पाठीवर अंगठ्यानं दाबलं की मासा मधोमध उघडतो आणि काटा अख्खाच्या अख्खा उचलून बाजूला ठेवता येतो. कातडी तांब्याच्या भांड्यासारखी, आत पांढरंशुभ्र, ओलसर. बाजूला पडलेल्या ओल्या गोणपाटाकडे मी बराच वेळ बघत राहिले. डंडीच्या गिरण्यांनी शंभर वर्षं बंगालातलं ज्यूट विणलं. इथल्या माशावर टाकायचं फडकंही त्याच धाग्याचं. आपल्याकडचं काहीतरी इथे इतकी वर्षं मुकाट्यानं राबतंय, असं वाटलं.

मग मैदान. त्याचं नाव गेफील्ड पार्क. दुरून आधी फ्लडलाइटचे खांब दिसतात, मग एक ठेंगणी भिंत, आणि भिंतीच्या पलीकडे थेट समुद्र. मधे माणसं चालतील एवढी वाट, मग दगड, मग लाटा. युरोपात समुद्राच्या इतकं जवळ दुसरं फुटबॉल स्टेडियम नाही, असं हे लोक अभिमानानं सांगतात. त्या भिंतीपाशी उभं राहिल्यावर ते पटतं. वादळात लाट भिंतीवरून सरळ मैदानात पडते. क्लब 1878 चा. 1885 चा तो सामना झाला तेव्हा मैदान याच जागी होतं. 1925 मध्ये ते थोडं सरकवून नव्यानं बांधलं.

दाराशी तिकीट. अरुंद फटीतून एकेकानं आत जायचं, लोखंडी दांडा पोटाला लावून ढकलायचा, तो खट्कन फिरतो आणि आपण आत. मी आत पाऊल ठेवलं आणि क्षणभर मला शाहू स्टेडियमचं दार आठवलं. तिथली आत शिरतानाची ढकलाढकली, पेठेच्या नावानं चाललेल्या आरोळ्या. इथे गर्दी हजार-दीड हजारांची असेल, पण दारावरचा माणूस जवळजवळ प्रत्येकाला नावानं हाक मारत होता. माझं नाव त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं, "पहिल्यांदाच का?" मी हो म्हटल्यावर म्हणाला, "समुद्राच्या बाजूला उभी राहा. थंडी वाजेल, पण तिथूनच मॅच कळते."

मुख्य स्टँडमध्ये खुर्च्या आहेत. उरलेल्या तिन्ही बाजूंना पायऱ्या, उभं राहून बघायचं. मी समुद्राच्या बाजूला गेले. पाठीमागे भिंत, भिंतीमागे लाटांचा एकसारखा आवाज, आणि समोर इतक्या जवळ मैदान की टचलाइनवरच्या खेळाडूचा श्वास ऐकू येतो. शेजारी एक आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे, आणि त्यांची आठ-नऊ वर्षांची नात. दोघांच्या डोक्यावर सारख्याच मरून टोप्या.

"कुठून आलीस?"

"भारतातून. कोल्हापूरहून. आमच्याकडेही फुटबॉल आहे."

भारतात फुटबॉल म्हटलं की इथल्या लोकांना कोलकाता तेवढं ऐकून माहीत असतं. मी त्यांना सांगितलं की आमच्या गावात एकेका पेठेची तालीम असते, मुळात कुस्तीची, आणि त्याच तालमींचे फुटबॉलचे संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, अशी नावं घेतली. पावसाळा सोडून उन्हातान्हात सामने होतात, मैदान तापलेलं असतं, आणि हरलेल्या संघाच्या पेठेत त्या रात्री जेवण गोड लागत नाही. आजोबांना हे सगळं अगदी ओळखीचं वाटलं. "मग तू इथलीच आहेस," असं म्हणून त्यांनी सरकून मला कठड्याला जागा करून दिली.

सामना सुरू झाला तो वाऱ्याच्या विरुद्ध. गेफील्डवरच्या वाऱ्याबद्दल मी वाचलं होतं, पण वारा हा खेळाडू असतो हे डोळ्यांनी बघावं लागतं. आरब्रोथच्या गोलकीपरनं पहिली किक मारली. चेंडू वर गेला, मधल्या रेषेच्या दिशेनं निघाला, हवेत थबकला आणि मागे वळला. मी खरंच सांगते, मागे वळला. ज्याच्यासाठी तो होता तो खेळाडू पुढे धावत होता, त्याला उलटं फिरून परत यावं लागलं. पाहुण्या संघानं पहिल्या दहा मिनिटांत दोन लांब पास दिले, दोन्ही वाऱ्यानं ओढून गोलरेषेबाहेर नेले. यजमानांनी मात्र चेंडू जमिनीवरच ठेवला. आखूड पास, पायाला चिकटून. कॉर्नरच्या वेळी चेंडू जागेवर राहीना, तेव्हा एकानं गुडघ्यावर बसून तो हातानं धरला आणि दुसऱ्यानं येऊन मारला. हे त्यांनी ज्या सहजपणे केलं त्यावरून कळलं की इथे नेहमीचंच आहे.

विसाव्या मिनिटाच्या आसपास एक चेंडू आमच्या डोक्यावरून भिंतीपलीकडे गेला. कुणी ओरडलं नाही. एक मुलगा उठला, भिंतीवरून वाकून बघितलं आणि हात हलवला: दगडांत अडकलाय, समुद्रात नाही. एवढ्यात दुसरा चेंडू आत आलासुद्धा.

मी आजोबांना त्या 1885 च्या सामन्याबद्दल विचारलं. तारीख त्यांना तोंडपाठ होती, 12 सप्टेंबर. स्कॉटिश चषकाची पहिली फेरी. समोर अ‍ॅबर्डीनहून आलेला बॉन अकॉर्ड नावाचा संघ. 'बॉन अकॉर्ड' हे त्या शहराचं बोधवाक्य. पाऊस पडत होता. पाहुण्यांकडे धड एकसारखे कपडेही नव्हते. मध्यंतराला 15-0, शेवटी 36-0. जॉकी पेट्री नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं एकट्यानं 13 गोल केले. पंचांनी आणखी सात गोल नाकारले होते. तेव्हा गोलला जाळी नसायची, त्यामुळे प्रत्येक गोलनंतर कुणीतरी धावत जाऊन चेंडू आणायचा, त्यात वेळ जायचा. नाहीतर आकडा अजून वाढला असता. आरब्रोथचा गोलकीपर मिल्न याला पूर्ण सामन्यात चेंडूला हात लावायची वेळच आली नाही. तो एका प्रेक्षकाच्या छत्रीखाली उभा होता, असं सांगतात.

त्याच दिवशी, इथून पंचवीसेक किलोमीटरवर, डंडीत डंडी हार्पनं अ‍ॅबर्डीन रोव्हर्सला 35-0 हरवलं. पंचांच्या मोजणीत 37 होते म्हणतात, पण हार्पच्याच चिटणिसानं सांगितलं की माझ्या हिशेबानं 35 आहेत, आणि तेच नोंदलं गेलं. हा भाग मला फार आवडला. विक्रम हाताशी आला असताना एका माणसानं दोन गोल कमी करून घेतले. 2002 मध्ये मादागास्करमध्ये एका संघानं पंचांच्या निषेधार्थ स्वतःवरच गोल चढवून 149-0 असा निकाल लावला, पण त्याला खेळ म्हणवत नाही.

"आणि बॉन अकॉर्डचा गोलकीपर?" मी विचारलं. "माझे वडील गोलकीपर होते. त्यांना तेच हवंय."

आजोबांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं." थोडं थांबून पुढे म्हणाले, "तो शेवटपर्यंत उभा राहिला. सगळेच राहिले. छत्तिसाव्या गोलनंतरही त्यांनी चेंडू मधे ठेवून परत सुरुवात केली. तुझ्या वडिलांना एवढं सांग."

पंचेचाळीस मिनिटं झाली आणि शिटी वाजली, तेव्हा अंधार पडायला लागला होता. नोव्हेंबरात इथे चारच्या सुमारास सूर्य जातो. फ्लडलाइट लागले. आणि मग मी जे बघितलं ते बघायला मी पुन्हा दहा वेळा जाईन. एका गोलच्या मागे उभे असलेले सगळे लोक, म्हातारे, पोरं, कुत्र्याचा पट्टा हातात धरलेली एक बाई, सगळे जण आपापले चहाचे कप घेऊन शांतपणे चालत दुसऱ्या गोलच्या दिशेनं निघाले. कारण मध्यंतरानंतर बाजू बदलते, आपला संघ दुसऱ्या गोलवर चाल करतो, तर आपणही तिकडे जायचं. पाहुण्यांचे समर्थक उलट दिशेनं येत होते. समुद्राच्या बाजूच्या पायऱ्यांवर, आमच्यासमोरच, दोन्ही घोळके एकमेकांतून गेले. पोलीस नाही, कुंपण नाही. दोघे-तिघे थांबून एकमेकांशी बोलले. कुणीतरी म्हणालं, "आता वारा आमच्याकडे," आणि समोरच्यानं मान डोलावली.

मोठ्या मैदानांवर हे केव्हाच संपलं. तिथे तुमची खुर्ची ठरलेली, दार ठरलेलं, समोरच्या माणसाशी दोन शब्द बोलायची सोय नाही. माझ्या मते फुटबॉलचं खूप काही त्या खुर्च्यांनी घालवलं.

आम्हीही निघालो. वाटेत खिडकीवर रांग होती. मी 'पाय' घेतला, म्हणजे पिठाच्या कवचात भाजलेला मटणाचा खिमा. तळहाताएवढा गोल, वरच्या कडा उंच, त्यामुळे मधे खळगा होतो आणि त्यात गरम रस्सा साचतो. हातमोजे काढले, दोन्ही हात त्याच्याभोवती धरले. कोल्हापूरच्या माणसाला तो मिळमिळीतच लागणार, मिऱ्याची तेवढी धग असते. पण त्या वाऱ्यात मला त्याच्या जागी दुसरं काहीही नको होतं. नातीनं मला तो न सांडता कसा खायचा ते दाखवलं: आधी कडेला लहानसा घास, त्यातून रस्सा ओढून घ्यायचा, मग बाकीचा.

आजोबा चालता चालता 2022 बद्दल बोलत होते. ते वर्ष आठवून त्यांचा आवाजच बदलला. या क्लबचे खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक नव्हते. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव. बॉबी लिन नावाचा विंगर इथे कित्येक वर्षं खेळला, तो कचरा गोळा करण्याचं काम करायचा. डिक कॅम्पबेल 2016 मध्ये व्यवस्थापक झाले तेव्हा संघ चौथ्या स्तरावर होता. 2017 मध्ये वर आला, 2019 मध्ये आणखी वर. आणि 2021-22 च्या हंगामात पूर्णवेळ क्लबांच्या गर्दीत हा अर्धवेळ संघ दुसऱ्या स्तरावर बराच काळ अव्वल होता. एप्रिलमध्ये किल्मार्नकविरुद्ध एक गोलनं पुढे असताना शेवटच्या टप्प्यात दोन खाल्ले आणि अजिंक्यपद दोन गुणांनी गेलं. मग वरच्या स्तरावर जाण्यासाठीच्या प्लेऑफमध्ये इन्व्हर्नेसशी दोन्ही सामने गोलशून्य, आणि पेनल्टींवर हार, याच मैदानावर. "त्या रात्री कुणी घरी जाईना," आजोबा म्हणाले. "सगळे इथेच उभे. हरलो होतो, तरी टाळ्या थांबेनात." 2024 मध्ये संघ खाली घसरला, 2025 मध्ये परत जिंकून वर आला.

1952 मध्ये रेंजर्सशी चषकाचा सामना होता तेव्हा इथे 13,510 माणसं होती, असंही त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील त्यात होते. आज गावाची वस्तीच पंचवीस हजारांच्या आत आहे.

दुसऱ्या अर्धात वारा आमच्या पाठीवर होता आणि सगळ्यांना वाटत होतं की आता गोलांची रास पडणार. पडली नाही. वाऱ्याबरोबर खेळणं जास्त अवघड, हे मला तिथे कळलं. चेंडू पुढे पळतो, पाय पोचेपर्यंत तो बाहेर गेलेला असतो. सत्तरावं मिनिट उलटल्यावर एक लांब थ्रो आला, गोलपुढच्या पेनल्टी बॉक्समध्ये गोंधळ झाला, कुणाच्या तरी गुडघ्याला लागून चेंडू आत गेला. नात माझ्या कमरेला मिठी मारून उड्या मारत होती. मीही ओरडले, मराठीत. 1-0. त्यानंतरची वीस मिनिटं माझी नजर पाहुण्यांच्या गोलकीपरवरच होती. आमच्यापासून दहा पावलांवर तो उभा होता, हाताच्या बोटांवर फुंकर घालत, पुन्हा पुन्हा उड्या मारून अंग गरम ठेवत. गोल खाल्ल्यावर त्यानंच जाळीतून चेंडू काढला, शर्टाला पुसला आणि मधल्या रेषेकडे जोरात मारला. वाऱ्याविरुद्ध. चेंडू अर्ध्यावरच पडला. तो धावत गेला, पुन्हा मारला.

सामना 1-0 नंच संपला. आजोबांशी हात मिळवला, नातीनं आपल्या खिशातला क्लबचा एक बिल्ला मला दिला. त्यावर मरून रंग आणि वर लाल दिवा. गावच्या माणसांना रेड लिख्टीज म्हणतात, म्हणजे लाल दिव्याचे लोक. बंदराच्या तोंडाशी होड्यांना घरी आणणारा जो लाल दिवा असायचा, त्यावरून.

गाडीला वेळ होता, म्हणून मी बंदरापर्यंत चालत गेले. तिथे एक पांढरी इमारत आहे, 1813 ची, सिग्नल टॉवर. समुद्रात अठरा किलोमीटर आत, भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या खडकावर रॉबर्ट स्टीव्हन्सननं बेल रॉकचा दीपस्तंभ उभारला. 1807 ला काम सुरू झालं, 1811 च्या 1 फेब्रुवारीला दिवा लागला. ओहोटीचे दोन-चार तास मिळतील तेवढ्यात काम करायचं आणि पाणी चढलं की होडीत बसायचं. त्या दिव्यावरच्या माणसांची घरं इथे किनाऱ्यावर होती, आणि इथून त्यांना खुणेनं निरोप जात. मूल झालं की खांबावर कपडा चढवायचे, मुलगा असेल तर विजार, मुलगी असेल तर परकर, अशी आठवण सांगतात. तिकडे खडकावर बाप दुर्बीण लावून बसलेला.

धक्क्याच्या भिंतीला टेकून मी आबांना फोन लावला. कोल्हापुरात रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, ते जागेच होते.

"आबा, मी जाऊन आलो."

घरी बोलताना मी अजून आलो-गेलोच म्हणते. त्यांना ते बरं वाटतं.

मी त्यांना वाऱ्यात मागे वळलेला चेंडू सांगितला, कॉर्नरला चेंडू धरून ठेवणारा खेळाडू सांगितला, मध्यंतराला चालत जाणारी माणसं सांगितली. मग आजोबांचा निरोप सांगितला: छत्तिसाव्यानंतरही त्यांनी चेंडू मधे ठेवला.

आबा म्हणाले, "मधे ठेवायला चेंडू आधी गोलकीपरलाच आणायला लागतो. जाळी नव्हती म्हणालीस नव्हं? म्हणजे छत्तीस येळा मागं पळत गेला असंल त्यो. पावसात."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. दिवसभर मी तो आकडा घेऊन फिरत होते आणि ते धावणं मला दिसलं नव्हतं.

"आत्ता कुठं हैस? आवाज कसला येतोय?"

"समुद्राचा. इथून लांबवर एक दिवा दिसतो, दर पाच सेकंदांनी लुकलुकतो."

"मोज बघू."

मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच, दिसला. फोनवर तिकडून आबाही माझ्याबरोबर मोजत होते.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "जेवलीस काय?"